आडजात : एमिली कारचे बुडखे आणि ओळीत उभी झाडं

देवदारी | ७ जून, २१:१२

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कात फिरताना वाटेत जुने बुडखे लागतात. माणसाहून उंच, शेवाळानं हिरवे झालेले. कित्येकांच्या अंगावर एका पातळीत दोन खाचा असतात, डोळ्यांसारख्या. इथे आले त्या वर्षी मला वाटलं, कुणी मुद्दाम चेहरे कोरलेत. मग कळलं, की दीडशेएक वर्षांपूर्वी लाकूडतोडे त्या खाचांत फळ्या खुपसून वर उभे राहायचे. सीडरचा बुंधा तळाशी फार पसरलेला असतो, तिथे करवत चालवण्यात वेळ जातो. म्हणून वर चढून दोघं दोन बाजूंनी कापायचे. झाड गेलं, फळ्याही गेल्या, खाचा राहिल्या.

हे बुडखे मी रोज बघत होते, पण ते मला खरे दिसले एमिली कारच्या चित्रांत.

ही बाई १८७१ साली इथल्याच व्हिक्टोरिया गावात जन्मली. सॅन फ्रान्सिस्को, लंडन, फ्रान्स अशी शिकून आली, पण गावात तिची चित्रं घेणारं कुणी नव्हतं. पंधराएक वर्षं तिनं खोल्या भाड्यानं देऊन आणि कुत्री पाळून पोट भरलं. १९२७ साली ओटावाच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली, तेव्हा वय छप्पन्न. १९३३ साली तिनं एक जुनी घरगाडी घेतली, तिचं नाव ‘एलिफंट’. ती गाडी जंगलाच्या कडेला ओढून न्यायची आणि कुत्री आणि माकडीण घेऊन तिथेच राहून चित्रं काढायची. कॅनव्हास महाग म्हणून स्वस्त मनिला कागद, आणि तेलरंगात पेट्रोल मिसळून केलेला पातळ रंग. त्यामुळे तिचा फटकारा पाण्यासारखा पळतो. आकाश तर एका श्वासात काढल्यासारखं दिसतं.

जंगलाची कड म्हणजे तेव्हा तोडीची कड. १९३०च्या दशकात या किनाऱ्यावर डोंगरच्या डोंगर सपाट होत होते. तिनं त्याकडे पाठ फिरवली नाही. ‘ऑड्स अँड एंड्स’ (१९३९) या चित्रात उघडी पडलेली जमीन, विखुरलेले बुडखे आणि मधूनमधून उरलेली किडकिडीत झाडं आहेत. झाड पडताना शेवटचा न कापलेला भाग फाटतो आणि बुडख्यावर सुळक्यांसारखी लाकडं उभी राहतात. त्यांना ती किंचाळ्या म्हणायची, रोजनिशीत तसं लिहून ठेवलंय.

मला सगळ्यात धरून ठेवतं ते १९३५ सालचं चित्र, व्हँकुव्हर आर्ट गॅलरीतलं. एकच उंच, बारीक झाड, शेंड्याला पानांचा झुबका, खाली तोडलेली जमीन. आणि आकाश त्या झुबक्याभोवती उजेडाच्या लाटांनी फिरतंय. नाव आहे ‘स्कॉर्न्ड अ‍ॅज टिंबर, बिलव्हेड ऑफ द स्काय’. मी माझ्यापुरतं मराठीत म्हणते, ‘लाकूड म्हणून झिडकारलेलं, आभाळाचं लाडकं’. ते झाड वाचलं, कारण ते विकण्यालायक नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझी मुलगी गेल्या वर्षी कॉलेजच्या सुट्टीत प्रिन्स जॉर्जच्या बाजूला झाडं लावायला गेली होती. इथे हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा उन्हाळी रोजगार. कमरेला रोपांच्या पिशव्या, हातात फावडं, मजुरी झाडामागे, काही सेंट. चांगला हात बसला की दिवसाला दीड-दोन हजार रोपं. त्या भागात बार्क बीटल या किड्यानं जवळजवळ १ कोटी ८० लाख हेक्टर पाइनच्या जंगलाला ग्रासलं. पूर्वी कडक थंडीत किडा मरायचा, आता हिवाळे तेवढे कडक राहिले नाहीत. शिवाय वर्षानुवर्षं वणवे विझवत राहिल्यामुळे एकाच वयाचे पाइन मैलोन्‌मैल उभे होते. मेलेलं लाकूड कापून नेलं, आणि त्या जागी हिनं काय लावलं? बहुतेक पुन्हा पाइनच.

ती आली तेव्हा तिची चित्रवही मी चाळली. पहिल्या पानांवर बुडखे, फांद्यांचे ढीग, ट्रक. पुढे काही वर्षांपूर्वी लावलेल्या जागेचं चित्र काढायचा प्रयत्न होता, तो तिनं अर्ध्यात सोडलेला. म्हणाली, “आई, तिथे काढायला काहीच नाही. सगळं हिरवं आहे, सगळं सारखं आहे. चित्रात छान दिसतं. पण तिथे उभं राहिलं की पक्षी नसतात.”

तेव्हापासून हे डोक्यात आहे. तोडलेलं जंगल चित्रात येतं, बघणारा हळहळतो. पण तोडीनंतरची लावणी, ओळीत उभं एकाच जातीचं हिरवं, ते चित्रात कसं आणायचं? तिथे गेलेलं काय, हे दिसणार कसं? तुमच्याकडे, तुमच्या भागात कुणी हे चितारलंय, गायलंय, नाचलंय?

---

चित्रवेल | ७ जून, २३:०५

देवदारीताई, फार आतून लिहिलंत. मी कोल्हापुरात चित्रकला शिकवते, मुलांना कारची झाडं दाखवत आलेय. ती ‘किंचाळ्या’ची गोष्ट उद्या वर्गात सांगणार.

एक गोष्ट मात्र मला टोचते. कारच्या सुरुवातीच्या चित्रांत हायडा, क्वाक्वाकावाक्व या मूळनिवासी लोकांची गावं आणि त्यांचे कोरीव टोटेम खांब आहेत. पुढे ती वळली जंगलाकडे, आणि तिथे माणूसच नाही. जणू ती गावं संपली, लोक गेले, उरलं रान. लोक कुठेही गेले नव्हते. ती जमीन त्यांची होती, लाकूड त्यांच्याच हद्दीतून जात होतं. आदिवासी अभ्यासकांनी तिच्यावर हा आक्षेप घेतलाय आणि मला तो रास्त वाटतो.

म्हणून तिच्या शेजारी लॉरेन्स पॉल यक्सवेलुप्टन यांचं चित्र ठेवून बघा. तेही तुमच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले मूळनिवासी, कोस्ट सॅलिश आणि ओकानागन वंशाचे. १९९१ सालच्या त्यांच्या चित्राच्या नावातच सगळं आहे: ‘जळलेली भूमी, मूळनिवासींच्या सार्वभौम जमिनीवरची सफाचट तोड, शामान दुरुस्तीला येतोय’. शामान म्हणजे त्यांचा वैदू-मांत्रिक. त्यांच्याकडे टेकडी, झाड, माणूस सगळं किनाऱ्यावरच्या परंपरेतल्या लंबगोलांनी बनतं, रंग भडक. हळहळ नाही त्यात, दावा आहे. जमीन कुणाची, हे आधी विचारलंय.

---

देवदारी | ८ जून, ०७:४८

चित्रवेल, मान्य. मी हे लिहायला हवं होतं. या प्रांताची ९० टक्क्यांहून जास्त जमीन कागदोपत्री सरकारची आहे, आणि तिच्यातल्या बहुतेक भागासाठी मूळनिवासींशी कधी तहच झालेला नाही. तरी तोडीचे परवाने कंपन्यांना मिळत गेले.

कलाकारानं काय करावं, याचं एक उदाहरण तुमच्यामुळे आठवलं. हायडा ग्वाई बेटांवरच्या लायल आयलंडवर १९८५ साली हायडा लोकांनी लाकडाच्या ट्रकांची वाट अडवली. ७२ जणांना अटक झाली, त्यात म्हातारी माणसं पुढे होती. त्याच सुमारास शिल्पकार बिल रीड, ज्यांची आई हायडा, वॉशिंग्टनमधल्या कॅनडाच्या दूतावासासाठी एक प्रचंड नाव घडवत होते, तिच्यात अस्वल, कावळा, लांडगा, माणूस सगळे दाटीनं बसलेले. १९८७ साली त्यांनी काम थांबवलं. ज्या सरकारच्या काळात माझ्या लोकांची झाडं कापली जातायत, त्याच्या दारात हायडांची नाव शोभेला ठेवायची नाही, ही भूमिका. त्याच वर्षी त्या भागातली, म्हणजे दक्षिण मोर्सबीची तोड थांबवण्याचा करार झाला आणि काम पुन्हा सुरू झालं. तिचीच दुसरी प्रत, हिरव्या रंगाची, व्हँकुव्हर विमानतळावर आहे. भारतातून येणाऱ्या माझ्या सगळ्या पाहुण्यांचा पहिला फोटो तिच्यासमोर असतो. यापुढे फोटो काढायच्या आधी मी ही गोष्ट सांगणार आहे.

---

वनोपज | ८ जून, १०:२०

मी वनखात्यात चौतीस वर्षं काढली, बहुतेक विदर्भात. आता निवृत्त आहे. दुसरी बाजूही मांडू द्या.

लाकूड लागतंच. दार, खिडकी, शाळेचं बाक, आणि आपण वाचतो ते पुस्तकही. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाचा अहवाल आला. त्यात सांगितलं होतं, की मिश्र, कमी उत्पन्नाची जंगलं काढून तिथे मोलाची लागवड करा, म्हणजे देशाची गरज भागेल. त्याच सुमारास राज्याराज्यांत वनविकास महामंडळं उभी राहिली. आम्ही ते मनापासून केलं. साग लावला की साठ-ऐंशी वर्षांचं चक्र असतं, मध्ये विरळणी, वणव्यापासून राखण. माझ्या हातची रोपं आज चाळीस फुटांवर गेलीत, ती पाहून बरं वाटतं. आणि आपण साग लावला नाही तर ब्रह्मदेशातून येतो, तिथलं नैसर्गिक जंगल तुटून. हेही बघायला हवं.

पण ताई, तुमच्या चित्राच्या नावानं मी थांबलो. आमच्या नोंदवहीत लाकडाचे दोन रकाने असायचे. एक ‘साग’, दुसरा ‘आडजात’. साग सोडून जे काही उभं असेल ते आडजात. ऐन, बिजा, धावडा, मोवई, बेहडा, चार, कुसुम, सगळं एका शब्दात. मार्किंगला, म्हणजे झाडांवर खुणा करायला गेलो की हातोडा घेऊन हे साग, हे आडजात, असं ओरडत पुढे जायचो आणि मागे लिहून घेणारा लिहायचा. चौतीस वर्षांत तो शब्द मला कधी खटकला नाही. काल रात्री खटकला.

---

झाडीकर | ८ जून, १३:३७

वनोपज काका, नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातला, धानोरा तालुक्याकडचा. तुमच्या वहीतल्या त्या दुसऱ्या रकान्यावर आमचं घर चाललं.

मार्च-एप्रिलला मोहफूल, मग तेंदूपत्ता, चारोळी, मोहाची टोळी (बी), हिरडा-बेहडा, डिंक. धान एकदाच येतो, तोही पावसावर. मधले महिने जे पोटात जातं आणि बाजारात जाऊन मीठ-तेल आणतं, ते सगळं आडजात. आमच्या गावामागचा डोंगर माझ्या जन्माआधी कापला आणि तिथे साग लागला. दुरून बघाल तर जंगल आहे. उन्हाळ्यात सागाची पानं गळतात आणि खाली करकरीत थर होतो. त्यात चालताना माणसाचा आवाज येतो, दुसरा कुठलाच येत नाही. ताईंच्या मुलीनं जे सांगितलं तेच.

गायलंय का, असं ताईंनी विचारलं. आमच्याकडे रेला गाणी असतात, हात धरून गोल नाचत रात्रभर. माझी आत्या एक लांब गाणं म्हणते. त्यात एक पोरगी माहेरी निघालीय आणि वाटेत एकेका झाडाला थांबून काही विचारते. गाणं गोंडीत आहे. झाडांची नावं येत राहतात, येत राहतात, आणि प्रत्येक झाड तिला काही देतं, कुणी फूल, कुणी सावली, कुणी दोरीला साल. गेल्या दिवाळीत ती गात होती, तेव्हा माझा आठ वर्षांचा मुलगा मध्येच म्हणाला, “हे कोणतं झाड?” आत्या म्हणाली, “तुझ्या आजोबांच्या वेळी डोंगरावर होतं.” असं त्या गाण्यात पाच-सहा वेळा झालं. ती वाट त्या डोंगरावरूनच जाते.

ताई, लावणी चित्रात कशी आणायची ते मला माहीत नाही. पण आत्याच्या गाण्यात ती आलीय असं मला वाटतं. तिनं सागाचा शब्दही काढला नाही.

---

चित्रवेल | ८ जून, १४:१०

झाडीकर, हे वाचून मी दहा मिनिटं काही लिहू शकले नाही.

---

काळीनदी | ८ जून, २०:५५

मी हल्याळची, उत्तर कन्नड. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड.

आमच्या घाटावरही नैसर्गिक जंगल काढून साग आणि निलगिरी लावली. ८ सप्टेंबर १९८३ ला शिरसीजवळच्या साळकणीची माणसं रानात जाऊन झाडांना बिलगली आणि तोड थांबवली. तेच अप्पिको आंदोलन, उत्तराखंडातल्या चिपकोवरून स्फुरलेलं. ते गावोगाव गेलं भाषणांनी कमी, यक्षगान आणि पथनाट्यांनी जास्त. आमच्याकडे यक्षगान म्हटलं की आजीपासून नातवापर्यंत सगळे रात्रभर बसतात. त्यात झाडाचं पात्र आलं तर ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोषणाही तीन शब्दांची होती: उळिसु, बेळेसु, बळसु. राखा, वाढवा, बेतानं वापरा.

मला मात्र दुसऱ्याच कलेबद्दल सांगायचंय, जिला कुणी कला म्हणत नाही. दांडेलीच्या बाजूचा बांबू कागदाच्या कारखान्याला टनाला दीड रुपयानं मिळायचा. माधव गाडगीळ यांनी हे अभ्यासून मांडलं. त्याच वेळी सुपं-टोपल्या विणणाऱ्या मेदारांना, म्हणजे बुरुडांना, तोच बांबू बाजारभावानं, त्याच्या कित्येक पट दरानं घ्यावा लागायचा. बेटं संपत गेली. आमच्या घरी धान्य पाखडायचं सूप यायचं, त्याच्या कडेला काळ्या-पिवळ्या बेळांची, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची नक्षी असायची. दर वर्षी एक मेदार आजी नवीन आणून द्यायची. पुढे ती येईनाशी झाली, आम्ही प्लास्टिकचं घेतलं. त्या नक्षीचं नाव मी तिला कधी विचारलं नाही. कागद झाला, त्यावर छापलं गेलं, आणि विणकाम गेलं. कारबाईंनी बुडखा तरी रंगवला. बांबूचा बुडखासुद्धा उरत नाही.

---

झाडीकर | ८ जून, २१:३०

काळीनदीताई, बांबूचं आमच्याकडेही तेच. कायद्यात बांबू २०१७ पर्यंत ‘झाड’ होता, म्हणून गावानं तोडला तर चोरी, आणि गिरणीला मात्र करारानं. आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखानं यावर किती वर्षं झुंज दिली! ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री स्वतः येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. त्या दिवशी तिथे नाच झाला. आत्या होती त्यात.

---

वनोपज | ९ जून, ०९:१५

झाडीकर, त्या निर्णयाच्या वेळी आमच्यातले बरेच जण नाराज होते. ग्रामसभेला जमणार नाही असं वाटायचं. मलाही वाटायचं. पुढे मी त्या बाजूला गेलो तेव्हा बांबूचं बेट त्यांनी कसं राखलंय, कोवळे कोंब कसे सोडलेत, ते पाहिलं. चुकलो होतो.

तरी सगळी लागवड वाईट, असं मी म्हणणार नाही. पडीक, उघड्या माळावर साग किंवा बांबू लावणं वेगळं, आणि उभं मिश्र रान कापून लावणं वेगळं. पहिलं करायला हवं. दुसरं आम्ही करायला नको होतं.

देवदारीताई, तिकडे आडजातीचं काय करतात?

---

देवदारी | ९ जून, २२:०२

काका, इकडेही रकाना आहे. प्रिन्स जॉर्जच्या बाजूला लावलेल्या पाइनमध्ये अ‍ॅस्पेन आणि बर्च आपोआप उगवतात. ते पाइनला सावली करतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून ग्लायफोसेट हे तणनाशक फवारून त्यांना मारत आले. त्याच्याबरोबर बेरीची झुडपं जातात, जी तिथले मूळनिवासी पिढ्यान्‌पिढ्या गोळा करतात. मूस, म्हणजे इथलं थोराड हरीण, खातो ती पालवी जाते. अ‍ॅस्पेन लवकर पेट घेत नाही, वणवा त्याच्याशी येऊन मंदावतो, तेही जातं. किनाऱ्याकडे उतारावरची तोड झाली की दरड येते, गाळ ओढ्यात बसतो आणि सामन मासा ज्या खड्यांत अंडी घालतो ते खडे बुजतात. मार्बल्ड मरलेट नावाचा एक छोटा समुद्रपक्षी आहे. तो मासे समुद्रात पकडतो, पण अंडं घालतो आत दूर, शेकडो वर्षांच्या झाडाच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर. साठ वर्षांत कापायच्या झाडाला तशी फांदी येतच नाही.

आणि तुमचं म्हणणं पटतं, की लाकूड लागतंच. मी राहते ते घरही लाकडी सांगाड्याचं आहे. या प्रांतातल्या लाकडाच्या गिरण्यांमध्ये १९०५च्या सुमारापासून पंजाबी माणसं राबली, व्हँकुव्हर बेटावर पाल्डी नावाचं गाव त्यांनी वसवलं, आपल्या पंजाबातल्या गावाच्या नावानं. इथल्या भारतीयांची पहिली कमाई करवतीखालची आहे. म्हणून मला कुणाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही.

झाडीकर, तुमचा निरोप मी मुलीला इंग्रजीत करून वाचून दाखवला. तिनं रात्री चित्रवही काढली. त्या अर्धवट पानावर तिनं पाइनच्या ओळी तशाच ठेवल्या, आणि ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत पेन्सिलीनं नावं लिहीत गेली: अ‍ॅस्पेन, बर्च, विलो, हकलबेरी, सोपबेरी. इतक्या फिकट, की जवळ नेल्याशिवाय वाचता येत नाहीत. कारनं १९३६ साली ‘रिफॉरेस्टेशन’ नावाचं चित्र काढलंय, उघड्या जमिनीवर कोवळी झाडं वर येतायत, आणि तिला ती पाहून आनंद झालाय हे दिसतं. मुलीनं ते चित्र बघून विचारलं, “ही लावलेली की आपोआप आलेली?” मला सांगता आलं नाही.

तुमच्या आत्यांच्या गाण्यातली नावं मिळतील का?

---

चित्रवेल | १० जून, ०८:४०

झाडीकर, मलाही हवीत. आत्यांची हरकत नसेल तरच. आमच्या वर्गाच्या मुलांना प्रत्येकी एक झाड देईन.

---

झाडीकर | १२ जून, १९:२५

आत्याला विचारलं. ती म्हणाली, “लिहून घे, पण गाऊन घे.” म्हणून ती गात होती आणि मी लिहीत होतो. एकतीस नावं झाली. सव्वीसची मराठी नावं मला सांगता आली, तीन शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितली. दोन राहिली. त्यातलं एक झाड आत्यानं असं सांगितलं: मोठं होत नाही, कमरेएवढं, पांढरी साल, पावसाच्या आधी फुलं येतात, पान चोळलं की आंब्याच्या कैरीसारखा वास. डोंगराच्या ओढ्याकडच्या अंगाला होतं म्हणे. वनोपज काका, तुम्हाला ओळखतं का?

---

वनोपज | १२ जून, २१:५०

नक्की सांगता येणार नाही, पाहिल्याशिवाय नाव देणं बरोबर नाही. कमरेएवढं म्हणजे आम्ही ते मोजलंच नसेल. आमची मोजणी छातीच्या उंचीवरच्या घेराची.

जुलैत पाऊस बसला की मी येतो. आत्यांना चालता येत असेल तर ओढ्याच्या काठानं वर जाऊ. डोंगराच्या सगळ्या अंगांना साग लागत नाही, ओढ्याची कड बहुधा सोडलेली असते. पान सापडलं तर दोन कागदांत दाबून ठेवा.

---

झाडीकर | १२ जून, २२:०३

या काका. आत्या म्हणते, मोहाच्या भाकरी करीन.